निशी-कासाईच्या ताईंना, आखणीवर फिरवलेल्या लाल पेनाबद्दल

ताई,
स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या तुमच्या घरच्या पत्त्यावर यायला हवं होतं. पण टोकियोच्या सात दिवसांच्या आमच्या आखणीवर तुम्ही लाल पेन फिरवून पाठवलंत आणि तो कागद पुढे इतक्या हातांत गेला की आभारही जाहीरच मानणं बरं. तुम्ही काट मारलीत, बाण काढलेत, समोर दोन-दोन शब्द लिहिलेत. त्यामागची कारणं इथे नीट मांडून ठेवतो, म्हणजे पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण तोच प्रश्न घेऊन तुमच्याकडे येणार नाही.

सगळ्यात मोठी काट पहिल्याच दिवसावर होती. सकाळी आसाकुसा, दुपारी शिबुया, मग उएनो, रात्री शिंजुकू. नकाशावर ही ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात. प्रत्यक्षात आसाकुसा आणि शिबुया ही गिंझा लाइन या भुयारी रेल्वेची दोन टोकं आहेत, स्टेशन क्रमांक जी-१९ आणि जी-०१. नुसत्या गाडीत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो आणि फलाटापासून रस्त्यापर्यंतची पायपीट वेगळीच. तुम्ही समोर लिहिलंत, ‘एक दिवस, एक दिशा.’ त्याप्रमाणे पूर्वेच्या दिवशी आसाकुसा, उएनो, आकिहाबारा. पश्चिमेच्या दिवशी मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान, हाराजुकू, शिबुया, शिंजुकू. आणि खाडीच्या बाजूचा तिसरा दिवस हामारिक्यू बाग आणि गिंझाचा. बाकीची सगळी दुरुस्ती या एका वाक्यातूनच निघाली.

तिकिटांचं उदाहरण घ्या. परदेशी पाहुण्यांसाठी भुयारी रेल्वेचा २४, ४८ आणि ७२ तासांचा पास मिळतो. हे तास पहिल्या वापरापासून मोजतात, तारखेप्रमाणे नाहीत. सकाळी दहाला सुरू केलेला २४ तासांचा पास दुसऱ्या दिवशी सकाळीही चालतो. टोकियो मेट्रोच्या ९ आणि तोएई या दुसऱ्या भुयारी सेवेच्या ४ लाइनींवर तो चालतो, यामानोते या वर्तुळाकार लाइनीवर मात्र नाही, कारण ती जेआर या वेगळ्या रेल्वे कंपनीची. पूर्वेच्या दिवशी सगळं फिरणं भुयारी रेल्वेनं होतं, तेव्हा पास वसूल होतो. पश्चिमेच्या दिवशी हाराजुकू, शिबुया, शिंजुकू हे सगळं यामानोतेवरच पडतं आणि पास पाकिटात बसून राहतो. म्हणून तुम्ही तो फक्त पूर्वेच्या दिवसासमोर ठेवलात. देशभर फिरण्यासाठीच्या जेआर पासवर तर सरळ फुली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासचा दर २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. नुसतं शहर पाहणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

यामानोतेबद्दल तुमची टीप फार धीर देणारी आहे. पोपटी पट्ट्याची ही गाडी ३४.५ किलोमीटरच्या वर्तुळात ३० स्टेशनं घेत फिरते, पूर्ण फेरीला साधारण एक तास. उलट दिशेच्या गाडीत बसलात तरी ठिकाणावर पोहोचताच, फक्त उशिरा. तोझाई लाइन इतकी दयाळू नाही. तुमच्याकडे किंवा तिथल्या नातेवाइकांकडे उतरणारे लोक निशी-कासाईसाठी, म्हणजे टी-१६ साठी, समोर येईल त्या गाडीत चढतात. मुंबईकराला फास्ट-स्लो शिकवावं लागत नाही, पण इथे दोन्ही एकाच फलाटावर येतात. ‘कैसोकु’ म्हणजे जलद गाडी तोयोचोनंतर मिनामी-सुनामाची, निशी-कासाई आणि कासाई ही तिन्ही स्टेशनं गाळून थेट उरायासूला थांबते. उरायासू नदीपलीकडे, चिबा प्रांतात. डब्यातल्या पडद्यावर पुढचं स्टेशन तोयोचो दिसलं की गाडीचा प्रकार पाहावा आणि कैसोकु असेल तर तिथेच उतरून मागची साधी गाडी घ्यावी. ही एक ओळ त्या कागदावर नसती तर किती जण उरायासूच्या फलाटावर उभे राहिले असते, देव जाणे.

नावांच्या घोटाळ्यावरही तुमचं लक्ष गेलं. आसाकुसा सेन्सोजी देवळाचं, आकासाका शहराच्या दुसऱ्याच भागात, आणि आसाकुसाबाशी हे जेआरचं तिसरंच स्टेशन. मराठी कानाला घाईत तिन्ही सारखीच वाटतात, म्हणून तुम्ही नावाशेजारी अक्षर-आकडा लिहायला लावलात. त्यातही ‘आसाकुसा’ नावाची स्टेशनं वेगवेगळ्या कंपन्यांची चार आहेत. त्सुकुबा एक्सप्रेसचं तर बाकीच्या तिघांपासून बरंच पश्चिमेला. सेन्सोजीला जायचं तर गिंझा लाइनचा १ क्रमांकाचा दरवाजा.

दरवाज्याचा क्रमांक फलाटावरच ठरवायचा, हेही तुमचंच. शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर बाहेर पडायच्या वाटा आहेत. चुकीच्या वाटेनं बाहेर आलं की फोन ‘४०० मीटर’ दाखवतो, पण मध्ये रुळांची आख्खी मोट असते आणि वळसा पंधरा-वीस मिनिटांचा पडतो. म्हणून वर जाणारा पहिला सरकता जिना दिसला की चढायचं नाही. पिवळा फलक शोधायचा, त्यावरचा क्रमांक जुळवायचा आणि मग पाय उचलायचा. जिन्यावर डावीकडे उभं राहायचं. (ओसाकात उजवीकडे, पण ते पुढच्या सहलीचं.) शिबुयाला भुयारी गिंझा लाइनसाठी जिना चढावा लागतो हे वाचून आम्हाला तुमचं पेन घसरलं असं वाटलं होतं. शिबुया दरीत वसलंय, त्यामुळे सरळ येणारी ती लाइन तिथे जमिनीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर निघते. खाली जाणारे जिने शोधणारे पाहुणे तिथे गोल-गोल फिरत राहतात.

आधी पैसे भरून गेटावर टेकवायच्या प्रवासाच्या कार्डाबद्दल, म्हणजे ‘सुइका’बद्दल, थोडक्यात. पाहुण्यांचं ‘वेलकम सुइका’ २८ दिवस चालतं आणि त्यात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत थोडे-थोडेच भरावेत. भरणा बहुतेक यंत्रांवर रोखीनंच होतो. आयफोनमध्ये सुइका घेता येतं. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा त्यासाठी लागणारी चिप नसते, म्हणून विमानतळावरच कार्ड घ्यावं. माणशी एक कार्ड. एकाच्या कार्डावर दोघांना जाता येत नाही. मेट्रो आणि जेआरची गेटं शेजारी-शेजारी असतात. चुकीच्या गेटातून आत गेलं आणि लगेच तिथूनच बाहेर पडायला गेलं तर गेट अडवू शकतं. अशा वेळी पुन्हा-पुन्हा कार्ड आपटत बसू नये. कडेला माणूस असलेल्या खिडकीवर कार्ड दाखवावं, तो नोंद सोडवून देतो.

आता सेन्सोजी. त्यासाठी तुम्ही सकाळी सातची वेळ लिहिलीत. मुख्य सभागृह सहाला उघडतं, ऑक्टोबर ते मार्च साडेसहाला. कामिनारीमोन या प्रवेशद्वारातला तो ३.९ मीटर उंचीचा, सुमारे ७०० किलोचा लाल कंदील सकाळी गर्दीशिवाय दिसतो. देवळाकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीची दुकानं तेव्हा बंद असतात, पण खाली ओढलेल्या शटरांवरची चित्रं त्याच वेळी पाहायला मिळतात. देऊळ कान्नोनचं, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचं; तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, नुसते हात जोडायचे. शेजारचं आसाकुसा जिंजा शिंतो आहे, तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं.

ओमिकुजीचा, म्हणजे देवळातल्या भविष्याच्या चिठ्ठीचा, तुमचा परिच्छेद तर आम्ही जसाच्या तसा पुढे पाठवतो. पेटीच्या फटीत १०० येन टाकायचे. पत्र्याचा षटकोनी डबा दोन्ही हातांनी धरून हलवायचा आणि उलटा करायचा. बारीक भोकातून एक काडी बाहेर डोकावते. काडीवरचा आकडा चिनी चिन्हांत असतो. वाचता आला नाही तरी चालतो, आकार लक्षात ठेवून समोरच्या खणांवर तेच चिन्ह शोधायचं. काडी आधी डब्यात परत टाकायची, कारण मागचा माणूस त्याच डब्यासाठी थांबलेला असतो. मग खणातून एकच चिठ्ठी घ्यायची. इथल्या १०० चिठ्ठ्यांपैकी ३० ‘क्यो’, म्हणजे अशुभ. ती आली तर घरी न आणता तिथल्या तारेला बांधून टाकायची. लहान मुलं बरोबर असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा, असं तुम्ही कंसात लिहिलंत. हा कंस अनुभवाशिवाय सुचत नाही.

तिथून चालत दहा मिनिटांवरचं मात्सुचियामा शोदेन आमच्या मूळ यादीत नव्हतंच. ते तुम्ही घातलंत, आणि आभाराचं पारडं इथे सगळ्यात जड होतं. सुमिदा नदीजवळच्या छोट्याशा टेकाडावरचं हे देऊळ कांगितेनचं, म्हणजे जपानात पोहोचलेल्या गणपतीचं. मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत. पायऱ्यांवर, दाराशी, कठड्यावर दोनच खुणा पुन्हा-पुन्हा कोरलेल्या आहेत, एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि नाडीची थैली. नैवेद्यही मुळ्याचाच. आवारात पांढरेशुभ्र जाड मुळे विकत मिळतात, ते देवापुढे ठेवायचे. वाहिलेले मुळे पुढे प्रसाद म्हणून भक्तांना देतात. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो. दूर्वा-मोदक घेऊन वाढलेल्या माणसाला बाप्पापुढे मुळ्यांची रास बघून जे वाटतं, ते स्कायट्री मनोऱ्याच्या काचेतून वाटत नाही.

स्कायट्री तुम्ही खोडलीत आणि शिंजुकूच्या महानगर सरकारी इमारतीचा ४५ वा मजला घातलात. उंची २०२ मीटर, प्रवेश फुकट. हिवाळ्यातल्या कोरड्या सकाळी पश्चिमेला फुजी दिसतो. पटलं. तरी एक मत नोंदवतो, ६३४ मीटरचा मनोरा आणि ३५० मीटरवरचा सज्जा मुलांना दाखवावा. पूर्वेच्या दिवसात तो बसतो आणि दिशाही मोडत नाही.

त्सुकिजीवरची फुली दोन कारणांनी योग्य. घाऊक बाजार आणि ट्यूनाचा लिलाव ऑक्टोबर २०१८ मध्येच तोयोसूला गेला, तरी जुन्या याद्या पहाटे चारला त्सुकिजीला पाठवत राहतात. बाहेरची दुकानं अजून आहेत, पण शाकाहारी माणसाला तिथे फारसं काही नाही. गोडसर अंड्याची ती प्रसिद्ध वडीसुद्धा माशाच्या अर्कात फेटलेली असते.

इथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘निकु नाशी’, म्हणजे मांस नको, म्हटलं की मांसाचे तुकडे काढतात; रस्सा मात्र कात्सुओबुशीचा, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचाच राहतो. उदोन, सोबा, मिसो सूप, सगळीकडे तोच ‘दाशी’. वाढणारा फसवत नसतो, त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. म्हणून तुम्ही वाक्य दिलंत, ‘कात्सुओ-दाशी मो दामे देसु’, बोनिटोचा अर्कही चालत नाही. अडीअडचणीला दुकानातली ओनिगिरी, म्हणजे नोरी या समुद्री शेवाळाच्या पापडीत गुंडाळलेला भाताचा गोळा. मिठाची किंवा उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेली घ्यावी; कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारणात बऱ्याचदा बोनिटोचा अर्क असतो, तेव्हा फोनचा कॅमेरा वेष्टनावर धरून वाचावं. आणि वेष्टन आकड्यांप्रमाणेच उघडावं. टोकावरची १ ची पट्टी खाली ओढत पाठीमागून पूर्ण काढायची, मग २ चा कोपरा बाजूला, मग ३ चा. नोरी आणि भात यांच्यामध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून नोरी कुरकुरीत राहते. मधूनच फाडलं तर नोरी प्लास्टिकात आणि भात हातात. रिकामं वेष्टन पिशवीत ठेवायचं, रस्त्यावर कचराकुंडी क्वचितच दिसते.

वारांची चौकट तुम्ही कडेला काढलीत, तीही सांगतो. सोमवारी उएनोतलं राष्ट्रीय संग्रहालय आणि शिंजुकू ग्योएन बाग बंद. सोमवारी सुटी आली तर उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. राजवाड्याची पूर्व बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद. तेव्हा सोमवार पश्चिमेला. मेइजी जिंगू सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला मिटतं, म्हणून त्या दिवसाची सुरुवात तिथून. मिताकाच्या घिबली या ॲनिमेशनपटांच्या स्टुडिओच्या संग्रहालयाची तिकिटं दारावर मिळत नाहीत. पुढच्या महिन्याची विक्री १० तारखेला जपानी वेळेप्रमाणे सकाळी दहाला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. ‘दहा वाजता’ एवढंच लिहून ठेवणारे साडेतीन तास उशिरा बसतात. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास, पुढची पहाटे पाचच्या सुमारास, आणि रात्री दहा ते पाच टॅक्सीला २० टक्के जादा.

ताई, आता एक काम तुमच्याकडेच. पुन्हा मात्सुचियामाला गेलात की आमच्या सगळ्यांच्या वतीनं एक मुळा वाहा. पैसे इकडून पाठवतो म्हटलं तर तुम्ही घेणार नाही, म्हणून पुण्याहून येणाऱ्या पुढच्या पाहुण्याच्या बॅगेत भाजणीचं पीठ ठेवलंय. ते पूर्वेच्या दिवशीच तुमच्याकडे पोहोचेल.

कळावे, लोभ असावा.
तुमच्या कागदावर टोकियो फिरलेले आणि फिरवणारे आम्ही सगळे