यात एकही वळण शिवलेलं नाही

प्रिय सोनू,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला माझ्यामागे भिंतीवर लावलेलं ते अर्धवट क्विल्ट, आपल्या गोधडीसारखं, दिसलं आणि तू विचारलंस, आई, एवढ्या लाटा शिवल्यास तरी कशा, आणि मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात तुला ऑफिसचा दुसरा कॉल आला. तेव्हापासून ते उत्तर माझ्या डोक्यात घोळतंय, म्हणून आज बाबा बाहेर गेलेत तर नीट बसून लिहितेय. यात एकही वळण शिवलेलं नाहीये गं. झाडून सगळ्या टिपा सरळ आहेत, उभ्या नाहीतर आडव्या.

महेश्वरचा घाट आठवतोय का? तू नऊ वर्षांची होतीस, आजीचा हात सोडून पायऱ्या मोजत थेट नर्मदेपर्यंत उतरली होतीस. आता असं समज की सगळ्या पायऱ्यांची उंची सारखीच आहे, पण पाऊल ठेवायची जागा कुठे रुंद, कुठे अरुंद. रुंद असेल तिथे उतार सावकाश होणार आणि जागा अरुंद होत गेली की एकदम खडा होणार, आणि लांबून बघितलं तर तुला पायऱ्या दिसणारच नाहीत, वळत गेलेली रेघ दिसेल. अशा लाटांच्या क्विल्टला बार्जेलो म्हणतात, आणि बार्जेलो म्हणजे एवढंच. प्रत्येक रंग शेजारच्या पट्टीत एक घर वर किंवा एक घर खाली सरकतो, ती उंची कायम दोन इंच, आणि पट्टीची रुंदी मात्र बदलत राहते, अडीच, सव्वादोन, दोन, पावणेदोन, दीड, सव्वा, एक, आणि मग तशीच उलट मोजत परत अडीचपर्यंत.

आता ते प्रत्यक्षात कसं करतात ते सांगते, कारण खरी गंमत त्यात आहे. माझ्याकडे २० छटा आहेत, तू डुलुथहून लेक सुपीरियरचा जो फोटो पाठवला होतास ना ढगाळ दिवसाचा, त्यावरूनच घेतल्यात, काळपट निळ्यापासून मोरपंखी, मग हिरवट, मग राखाडी आणि शेवटी ओल्या वाळूचा रंग. प्रत्येक छटेची अडीच इंचाची लांब पट्टी कापायची आणि एकीला एक अशा वीसही जोडायच्या, दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं म्हणून अडीचची दोन इंच उरते. मग पहिली आणि विसावी पण एकमेकींना जोडायची की त्याची एक मोठी नळी होते, उशीच्या अभ्र्यासारखी, फक्त दोन्ही तोंडं उघडी. ती नळी टेबलावर सपाट पसरायची आणि आडवी कापत जायचं, म्हणजे बांगड्या निघतात कापडाच्या, कुठली अडीच इंचाची, कुठली एक इंचाची. आणि मग प्रत्येक बांगडीची फक्त एक शिवण उसवायची, पण दर वेळी वेगळ्या जागी. पहिली काळपट निळ्याच्या वर उसवली तर दुसरी त्याच्या पुढच्या रंगापाशी, तिसरी अजून एक पुढे. उघडली की बांगडीची पट्टी होते आणि रंग आपोआप एक घर सरकलेला असतो. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती त्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसले होते, कुणी शोधून काढलं असेल हे असं वाटत होतं.

नाव मात्र खूप जुन्या जागेचं आहे. इटलीत फ्लॉरेन्सला बार्जेलो नावाचा वाडा आहे, तेराव्या शतकातला, मध्ये बरीच वर्षं तिथे तुरुंग होता आणि १८६५ पासून म्युझियम आहे. तिथल्या जुन्या खुर्च्यांच्या गाद्यांवर ज्वाळांसारखं भरतकाम आहे, त्या भरतकामाला या वाड्याचं नाव पडलं. त्यातही सुई वळत नाही, सगळे उभे सरळ टाके, फक्त प्रत्येक टाका शेजारच्यापेक्षा थोडा वर नाहीतर खाली. पुढे क्विल्ट करणाऱ्या बायकांनी तीच युक्ती टाक्यांऐवजी कापडाच्या पट्ट्यांवर आणली. मी इथे ह्यूस्टनच्या क्विल्ट फेस्टिवलमध्ये असं एक पहिल्यांदा बघितलं तेव्हा तू आठवीत होतीस, तुला आठवणार नाही, तू तेव्हा कंटाळून बाबांबरोबर बाहेर आइस्क्रीम खायला गेलेलीस. मी त्याच्यासमोरून हललेच नाही. तेव्हापासून करायचं होतं.

आणि यासाठी कापड बाटिकचंच का, साधं सुती का नाही, तर त्याचं कारण इंदूरचं आहे. मी तिथे शाळेत असताना आमची उज्जैनला सहल गेली होती आणि तिथे भैरूगढला आम्हाला बाटिकचं काम दाखवायला नेलं होतं. एक माणूस वितळलेल्या मेणात ब्रश बुडवून कापडावर फुलं काढत होता, इतक्या भराभर की मेण गार व्हायच्या आत फूल पूर्ण. मग ते कापड थंड रंगात घालायचं, गरम घातलं तर मेणच वितळेल ना. जिथे मेण आहे तिथे रंग शिरत नाही, पण कापड दुमडलं की मेणाला बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांमधून रंग आत झिरपतो. शेवटी उकळत्या पाण्यात टाकून मेण काढलं आणि त्याने कापड झटकून आमच्यासमोर धरलं, त्यावर सगळीकडे केसांसारख्या रेषा होत्या. दोन कापडांवर त्या रेषा सारख्या कधीच येत नाहीत. ते कापड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

इथे दुकानात मिळतं ते बाटिक बहुतेक करून बाली आणि जावाकडचं असतं, तिथे तांब्याच्या पट्ट्यांचा ठसा मेणात बुडवून कापडावर उमटवतात. इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे भैरूगढला, कच्छमध्ये, शांतिनिकेतनला पण होतं, आणि मला वाटतं आपल्या लोकांना त्याची पुरेशी किंमत नाही, पण ते जाऊ दे. बार्जेलोला बाटिक का चांगलं, तर एकाच कापडात रंग गडद-फिकट होत जातो, त्यामुळे एक छटा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. शिवाय वीण इतकी घट्ट की बारीक एक इंचाची पट्टी कापली तरी कडेचे दोरे सुटत नाहीत. आणि सुलट-उलट जवळजवळ सारखंच, रंग आरपार जातो.

रंग लावताना एक गोष्ट केली, तुला आवडेल. सगळे तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला. मोरपंखी आणि गडद हिरवा मला एकदम वेगळे वाटत होते, फोटोत दोन्ही अगदी एकसारखे राखाडी! म्हणजे शेजारी ठेवले तर लाट तिथे मरणार. मग हिरवा बदलून आणला. आणि वाळूचा रंग मुद्दाम थेट काळपट निळ्याला जोडलाय, मध्ये काही नाही, तुला भिंतीवर ती जी धारदार रेघ वरखाली जाताना दिसली ना, ती तीच शिवण आहे.

कापड आणण्यात पण वेळ गेला. आधी मी ऑनलाइन एक तयार पट्ट्यांचा रोल मागवला होता, ४० पट्ट्या, कातरलेल्या कडांचा. मोजायला घेतला तर काही बरोबर अडीच आणि काही एक-दोन दोरे कमी, आणि कडा नागमोडी असल्यावर माप टोकापासून धरायचं की खाचेपासून हाच प्रश्न. बार्जेलोला हे चालत नाही. तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक रंगाचं पाव यार्ड कापड आणलं, आधी धुतलं, कारण गडद निळा दोन पाण्यांत रंग सोडत होता, मग स्टार्च मारून इस्त्री केली आणि स्वतः कापलं.

आता जे तुला फोनवर सांगितलं नाही ते सांगते. पूर्ण क्विल्टला असे २० पट्ट्यांचे दोन संच लागतात, एका संचातून २४ बांगड्या निघतात. पहिला संच शिवला आणि मशीन सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते छान चालत होतं, आवाजसुद्धा कमी झाला होता, म्हणून मी चाचणीचा तुकडा न शिवता थेट दुसरा संच शिवायला घेतला. सगळ्या पट्ट्या जोडून झाल्यावर, नळी करायच्या आधी, पहिल्या संचावर अंथरला. पहिला साडेचाळीस इंच. दुसरा चाळीसही भरेना. सुई अगदी थोडी सरकलेली होती, एका शिवणीत एखाद्या दोऱ्याचा फरक, डोळ्याला दिसत सुद्धा नाही, पण असे एकोणीस फरक एकावर एक साठले. ओढून-ताणून बसवता आलं असतं असं तुला वाटेल, साध्या सुती कापडात थोडी ढील मिळते पण, बाटिक देत नाही.

त्या रात्री मी मशीनवर कव्हर टाकलं आणि दोन दिवस त्या खोलीत गेले नाही. मग आजीला फोन केला. ती म्हणाली, उसवायला बस, पण घाईने ओढू नकोस, एका बाजूने दर तिसरा टाका काप आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढ, अख्खा येतो. एकोणीस शिवणी, प्रत्येक ४२ इंच, म्हणजे ६६ फूट उसवलं मी, आणि टाके बारीक ठेवलेले, दोन मिलिमीटरचे, कारण पुढे आडवं कापल्यावर मोठे टाके सुटतात. उसवल्यावर अजून एक दिसलं, बाटिकवर सुईची भोकं तशीच राहतात, टिपेच्या जागी टिंबटिंब रेघ. पाण्याचा हलका फवारा मारून नखाने दोन्ही दिशांनी घासलं की दोरे परत जवळ येतात. वाळूच्या रंगावर ती भोकं सगळ्यात जास्त दिसत होती, त्या एका पट्टीला माझी आख्खी दुपार गेली, पण आता तू भिंग घेऊन शोधलंस तरी सापडणार नाहीत.

दुसऱ्यांदा शिवताना चाचणीचे तीन तुकडे आधी जोडून मोजले. आणि एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर अशी मारली, नाहीतर एवढ्या पट्ट्या एकाच दिशेने शिवल्या की सगळा तुकडा केळ्यासारखा वाकतो.

इस्त्रीची पण एक युक्ती आहे, ती कुणी मला सांगितली नाही, कागदावर आकृती काढून माझी मलाच सापडली म्हणून फार आनंद झाला. शिवणीचे काठ एक सोडून एक रंगाकडे दाबायचे, म्हणजे १, ३, ५ या रंगांच्या खाली दोन्हीकडचे काठ आणि २, ४, ६ च्या खाली काहीच नाही. मग शेजारची पट्टी एक घर सरकली की एका पट्टीतला काठ वर वळलेला येतो आणि दुसरीतला खाली, दोन्ही एकमेकांत अडकून बसतात, बोटाला कळतं. फक्त रंगांची संख्या सम हवी, २० आहे म्हणून जमलं. असे जवळजवळ नऊशे सांधे आहेत यात, आणि मी प्रत्येकावरून बोट फिरवलंय.

आता वरचा भाग पूर्ण झालाय, ६० बाय ४०, काठ लावल्यावर साधारण ६८ बाय ४८ होईल. सोफ्यावर बसून पायांवर घ्यायला पुरेल. अस्तर, कापूस आणि वरून टिपा एवढं राहिलंय.

आजीने तिची जुनी महेश्वरी पाठवली आहे, ती राखाडी, काठावर लहरी असलेली, तुझ्या क्विल्टला अस्तर म्हणून लाव म्हणाली. ती आजी तुला मांडीवर घेऊन बसायची तेव्हा नेसायची ती. मी खूप विचार केला सोनू, आणि अस्तराला ती नाही लावणार. आजीच्या गोधडीत सगळेच थर विरलेल्या लुगड्यांचे असायचे, सगळे सारखे मऊ, म्हणून धावदोरा त्यातून सहज जायचा आणि गोधडी वर्षानुवर्षं टिकायची. इथे वर हे घट्ट बाटिक आणि खाली विरलेली साडी, दोन-चार धुण्यांत साडीच फाटेल. पण तिचा लहरींचा काठ अजून मजबूत आहे, तो सोडवून घेतलाय, त्याला मागून पातळ कापड लावून अस्तराच्या मधोमध उभा जोडणार आहे, तू पांघरलंस की तुझ्या अंगाच्या बाजूला येईल. आजीला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, काठ सरळ लाव.

टिपा मशीननेच मारणार, बाटिकमधून हाताची सुई काढताना बोटं सोलतात. पण कडेची पट्टी मागून हातानेच टाकणार आहे, ते मला कुणाला देववत नाही.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. आत कापूस घालू की लोकर? इथे ह्यूस्टनमध्ये बसून मला मिनियापोलिसच्या जानेवारीचा अंदाज येत नाही. लोकर जास्त ऊबदार आणि हलकी, पण मशीनमध्ये धुताना तुला जपावं लागेल, कापूस कसाही धुतलास तरी चालतो. तू धुणं घाईत टाकतेस हे मला माहितीये, तरी थंडी वाजत असेल तर लोकर सांग, मी धुवायचं कसं ते कागदावर लिहून सोबत ठेवीन. आणि दुसरं, तुझ्या सोफ्याची लांबी मोजून पाठव, टेप नसेल तर वितीने मोज, तुझी वीत माझ्याएवढीच आहे.

शनिवारी दुकानात जाणार आहे, त्याच्या आत कळव.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी परत आल्यावर भिंतीसमोर उभं राहून विचारलं की काळपट निळा सुरू कुठे होतो. मी म्हटलं नळी होती ती, सुरू कुठेच होत नाही. ते अजून बघतायत.