‘कधीतरी’ म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी रोज दोन्ही वेळेला दुधाची फॅट काढतो. एक पॉइंट इकडचा तिकडं झाला तरी सभासद दूध परत तपासायला लावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पण हीच माणसं दारूचा विषय निघाला की एका शब्दावर भागवतात : ‘कधीतरी’.

या एका शब्दापायी माझे दाजी मरता मरता वाचले. पावसाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. फॉर्म भरताना विचारलं, दारू घेता का? दाजी म्हणाले, कधीतरी. तेच लिहून घेतलं. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, बनियन घामानं भिजलं आणि ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. चादरीवर एकही मुंगी नव्हती. ऑपरेशनच बिघडलं, असं आम्हाला वाटलं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, “रोज किती घेतात?” ताई म्हणाली, “एक क्वार्टर. बाजारादिवशी दोन.” स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी ती बारीक टिंबं देत आली होती, एका क्वार्टरला एक. मे महिन्यात 35 टिंबं होती.

रोजची दारू एकाएकी तुटली की शरीर असं बिथरतं. फिट येते, वेळेत उपचार नसतील तर माणूस जातोही. भरती करतानाच माप विचारलं असतं, तर औषध आधीच सुरू झालं असतं.

आणि हे माप काढणं अवघड नाही. 180 मिलीच्या क्वार्टरवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे आत साधारण 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीला 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिणं हे अतिरेकी पिणं धरते. आपल्याकडं त्याला ‘एक क्वार्टर तर घेतो’ म्हणतात! बिअर म्हणजे दारूच नव्हे, असं समजणाऱ्या पोरांनीही आठ टक्केवाल्या 650 मिलीच्या बाटलीचा हिशेब करावा. 40 ग्रॅम भरतात.

याच संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी 1989 पासून आहे. पहिले तीन प्रश्न नुसते मापाचे : किती वेळा, एका दिवसात किती, एकदम भरपूर किती वेळा. पुढचे प्रश्न सकाळी उठल्यावर लागते का, सुरू केल्यावर थांबता येतं का, असे आहेत. 40 पैकी 8 गुण झाले की धोक्याची सुरुवात, 20 किंवा त्याच्या पुढं व्यसन जडल्याची शंका. चार-पाच मिनिटांचं काम आहे. लिव्हर सुजण्याआधी, म्हाईत, म्हणजे गावच्या जत्रेत, भांडणं होण्याआधी, नोकरी जाण्याआधी माणूस हाती लागू शकतो. सरकारी दवाखान्यापासून गल्लीतल्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी बीपी-शुगरसारखं हेही विचारावं, आणि घरच्या बाईला वेगळं बसवून विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रोज घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून मनानंच एकदम बंद करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर बोलावं.

घरी सोडण्याआधी दाजींना ते दहा प्रश्न विचारले. 27 गुण झाले. “एवढं नसंल हो,” दाजी म्हणाले. ताईनं काही न बोलता कॅलेंडर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आपला,
दूध संस्थेतील एक कर्मचारी,
ता. करवीर, जि. कोल्हापूर