मालेगावच्या किल्ल्यासाठी खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मालेगाव किल्ल्यात 1818 च्या वेढ्याचा माहितीफलक लावणे

महोदय,

2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आमच्या जिल्ह्यातला साल्हेरही आहे. आनंदच आहे. पण त्याच जिल्ह्यातल्या मोसमकाठच्या एका भुईकोटाची आठवण आपल्याला करून द्यायची आहे. नारोशंकर राजेबहादूरांनी बांधलेला हा मालेगावचा किल्ला. आज त्याच्या आत शाळा भरते, बाहेर तटाला खेटून वस्ती आहे.

1818 च्या एप्रिलमध्ये, इंग्रज-मराठा युद्धात, ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल मॅकडॉवेलने राजदेर आणि त्र्यंबक हे डोंगरी किल्ले घेतले. त्र्यंबक पडताच आणखी सतरा ठाणी लढाईवाचून त्याच्या हाती आली. डोंगर, कडे, कोरीव पायऱ्या, कशाचाच उपयोग झाला नाही. अडला तो मालेगावच्या सपाटीवर. आत होते जेमतेम साडेतीनशे लोक, बहुतेक अरब, थोडे हिंदुस्थानी. वेढा बसताच त्यांनी बाहेर पडून छापा घातला आणि इंग्रजांचा मुख्य इंजिनिअर डेव्हिस त्यात पडला. 29 मेच्या हल्ल्यात नॅटिस नावाचा दुसरा इंजिनिअर खिंडाराच्या माथ्यावर गोळी लागून मेला. आतल्या बाजूला शिड्याच उंचीला पुरल्या नाहीत. मग कुमक मागवावी लागली. 11 जूनला तोफगोळ्यांनी दारूकोठार उडालं, तट खंदकात कोसळला, तेव्हा कुठे बोलणी सुरू झाली. 13 जूनला किल्ला गेला. कंपनीचे दोनशेच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले, आणि त्यातले बहुतेक देशी शिपाई.

बाजीराव पेशवे 3 जूनलाच माल्कम या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या स्वाधीन झाले होते. म्हणजे पेशवाई संपल्यावरही दहा दिवस मालेगाव लढत होतं.

यांना देशभक्त म्हणा, असा माझा आग्रह नाही. ती पगारी फौज होती, थकलेला पगार आणि जिवाची हमी यांसाठी अडून बसलेली. किल्ल्याचे धनी राजेबहादूर तर त्यांच्याच तावडीत होते. फलकावर हेही लिहा. नाहीतर कुणी त्यांना हुतात्मे करील, कुणी परके म्हणून गाळून टाकील. आमच्या गावात दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा मागणी एवढीच : वेढ्याच्या नकाशासह एक फलक, मराठीत आणि उर्दूत, शाळेतल्या पोरांना येता-जाता वाचता येईल अशा उंचीवर. आणि त्याआधी तटाची व खंदकाची मोजणी करून नकाशा जाहीर करावा, म्हणजे उरलंय किती ते कळेल.

आपला,
मालेगावचा एक रहिवासी