चि. योहान यास

पुणे, सोमवार

चि. योहान यास आईचे आशीर्वाद, सलाम.

काल तुला गाडीत बसवून आले आणि तुझं अंथरूण काढलं. उशीखाली जुन्या चपला. स्टेशनवरून या घरात येऊन सोळा वर्षं झाली रे, अजून चोरीला जातील वाटतं?

रात्री फलाटावर एकटा जाऊ नकोस. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पप्पांना वाटतं, सेमिनरी झाली, एखाद्या मंडळीत पाळक झाला असतास. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. तू कल्याण स्टेशनवरच्या पोरांचंच काम मागून घेतलंस.

केडगावला गेलो होतो, आठवतं? मुक्ती मिशनच्या देवळात मी सांगत होते की 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, शिकवल्या, आणि पुढे बाईंनी भाषांतर केलेल्या बायबलचे छपाईचे खिळे मुक्तीतल्याच मुलींनी जुळवले. तू विचारलंस, "त्या पण स्टेशनवर झोपायच्या?" मला उत्तर सुचलं नाही. परतताना अर्धा वडापाव तू खिशात ठेवलास. तापात स्टेशनवरच्या बाबूचं नाव घ्यायचास, तेव्हा समजलं कुणासाठी.

पोरांना आधी जेवायला घाल, जखम धू. प्रभूचं नंतर सांग. खरं नाव लगेच सांगणार नाहीत, तू महिन्याने सांगितलंस. "उद्या येतो" म्हणालास तर जा. कितीही दया आली तरी खोलीवर ठेवून घेऊ नकोस. 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. बघ, शिकवत बसले. तू हे शिकून आलास, त्याआधी जगून आलास. माफ कर.

भीती नशेसाठी हुंगायच्या त्या सोल्यूशनच्या चिंधीची आहे. तीनदा पळालास, तिन्ही वेळा पप्पांनी तुला त्याच फलाटावरून आणलं. चौथ्यांदा आपणहून आलास, भर पावसात, आणि "आत ये" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभा राहिलास. तो वास मी विसरले नाही, तू कसा विसरशील?

काल उपासनेत पाळकसाहेबांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. सगळ्यांनी डोळे मिटले होते, मी तुझ्याकडेच बघत होते.

डब्यात तळाशी रूथच्या चकल्या आहेत. वाटशील, माहीत आहे. दोन तरी खा. आणि रात्री कुणाला तरी सोबत ने, बाबू दिसला तरी.

तुझी,
आई