तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. नौपाड्यातल्या आपल्या बिल्डिंगमध्ये कोणाला कळायचं राहणार आहे म्हणा!

मुरबाडच्या बंगल्याचं छप्पर रेव्हिटमध्ये, म्हणजे आम्ही इमारतींचं मॉडेल करतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, तीन दिवस बसत नव्हतं. एल आकाराचं घर, एक भाग ६ मीटर रुंद, दुसरा ४, आणि मालकांचा हट्ट की दोन्ही आढी, म्हणजे छपरांचे माथे, एकाच उंचीवर हवीत. मी सगळ्या कडांना ३० अंशांचा उतार देऊन मोकळी झाले. मोठ्या भागाचं आढं भिंतीच्या माथ्यापासून १.७३ मीटर वर गेलं, लहानाचं १.१५ वरच अडलं. मग लहान भागाचा उतार ४१ अंश केला. आढी जुळली, तर वळचणी वरखाली! दोन छपरं आतल्या कोपऱ्यात मिळतात त्या खाचेच्या, म्हणजे पन्हळीच्या, तोंडाशी एक चिंचोळा त्रिकोण उरला, तो काही केल्या जाईना. ऑफिसात सल्ला मिळाला, "रेंडरमध्ये, मालकांना दाखवायच्या चित्रात, तिथे झाड लाव, दिसणार नाही."

तुम्ही रेव्हिट कधी उघडलेलंही नाही. माझा लॅपटॉप मिटलात आणि विचारलंत, "छप्पर भिंतीबाहेर किती काढलंयस?"

"सगळीकडे ६० सेंटिमीटर."

"मग तिथेच घोळ आहे, बाई."

पाठकोऱ्या प्रिंटवर तुम्ही आकडे मांडलेत. ६० सेंटिमीटर बाहेर जाताना ३० अंशांचं पाखं ३५ सेंटिमीटर खाली उतरतं, ४१ अंशांचं ५२. म्हणून जास्त उताराच्या पाख्याचं छप्पर ४०च बाहेर काढायचं; तेही मग ३५च उतरतं. पन्हळ प्लॅनमध्ये ४५ अंशांतच जाते हे कॉलेजपासून माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. ते दोन्ही उतार सारखे असतील तेव्हाच, हे तुमच्या पेन्सिलीनं दाखवलं. इथे ती एकीकडे ३ तर दुसरीकडे २ अशी तिरकी निघते आणि बरोबर दोन्ही आढी भेटतात तिथे पोचते.

तरी माझा चेहरा कोराच होता वाटतं. तुम्ही मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पाखी जोडलीत आणि चहाच्या चमच्यानं आढ्यावरून पाणी सोडलंत. पाणी दोन्हीकडून पन्हळीत आलं आणि तिथून थेट काकूंच्या नव्या टेबलक्लॉथवर. त्यावर काकू जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

घरी येऊन जुनं स्केच पुसलं. प्रत्येक कडेला तिचा उतार, तिचा ओव्हरहँग वेगळा दिला. हिरवी खूण दाबली आणि छप्पर पहिल्याच फटक्यात उभं राहिलं. त्रिकोण गायब. ४१ अंशांवर कौलं नुसती रिपांवर ठेवून भागणार नाही, बांधावी लागतील, हे तुम्ही जाता जाता म्हणालात, तेही ड्रॉइंगवर टिपलंय.

पुठ्ठ्याचं घर माझ्या मॉनिटरशेजारी आहे. एक पाखं जरा फुगलंय. तुमचा लाकडी सेट-स्क्वेअरही माझ्याकडेच राहिलाय. रविवारी टेबलक्लॉथसोबत आणून देते.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची