रोप लावून झालं की या

भाग्यनगर, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घराची किल्ली मिळाली. आतल्या क्रॉसला, तळमजल्याचं घर आहे. वरच्या मजल्यावरचं स्वस्तात मिळत होतं, उजेडही तिथं जास्त, पण बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर आले आणि ते सोडून दिलं.

आधी पायरीचं सांगते. दाराची पायरी वीतभर उंच होती. गवंड्याकडून तिच्या दोन करून घेतल्या आणि उजव्या हाताला लोखंडी कठडा बसवला. केवढा उंच ठेवू, असं त्यानं विचारलं. दिवाळीत बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून ओटा उतरले होते. तो हात आठवला, आणि खांद्याच्या जरा खाली मी भिंतीवर खडूनं रेघ मारली. न्हाणीतल्या गुळगुळीत फरश्याही काढून टाकल्यात.

मागं आड आहे, आई. नळाचं पाणी रोज येत नाही, पण आडामुळं अडत नाही. तुळशीला जागा आहे, अबोलीलाही.

मेडिकल कोपऱ्यावर, डॉक्टर त्याच्या पुढच्या क्रॉसला. मोठा दवाखाना लागलाच तर दारात रिक्षा मिळते. गेल्या आषाढात बाबांना दम लागला, ती रात्र माझ्या मनातून जात नाही. आपल्या कणकुंबीचा तो पाऊस, खड्ड्यांतून हळूहळू चाललेली गाडी, आणि जांबोटी आली तरी मोबाईलला रेंज नाही. त्या रात्रीच मी ठरवलं होतं.

बाबा, इथं सकाळी सहाला 'तरुण भारत' दारात पडतो. फिरायला व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीरही दाखवीन. १९२४ साली गांधीजी ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्या वेळी खोदलेली. वाचायला सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं. तुमच्या नावानं वर्गणी भरते.

आई, बोलायला कोण, असं तू फोनवर विचारलंस. शेजारच्या अक्कांचं घर कन्नड, पण पहिल्याच दिवशी कुंपणावरून त्यांनी हाक मारली, 'काय करूलालीस गं?' आणि गरम भाकरी आणून दिली. भाजीवाली अनगोळची, मराठीच बोलते. कॉर्पोरेशनची पत्रं कन्नडात येतात, ती मी वाचून दाखवीन. संध्याकाळी रस्त्यावर गाड्यांची फार गर्दी होते, हे मात्र खरं. आणि रात्री मलप्रभेचा आवाज नाही. पहिले काही दिवस मलाही झोप लागली नव्हती.

लेकीच्या घरी कसं राहायचं, हे बाबांच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. बाबा, बारावीनंतर शिकायला तुम्ही मला बेळगावात ठेवलंत. पोरीला कशाला, असं सगळे म्हणत होते. तुम्ही गाय विकलीत आणि कुणाला एक शब्द बोलला नाहीत. उद्यमबागेत आज मी नोकरी करते ती त्या गाईवर. या घराच्या कर्जाचा हप्ताही त्याच पगारातून जातो. मग हे घर परकं कसं?

गाव सोडा असं म्हणत नाही. भाताचं रोप लावून झालं की या, एवढंच. चवथीला आपण सगळेच घरी जाऊ, गणपती आपल्या माजघरातच बसेल. नंतर पाऊस ओसरेपर्यंत पुन्हा इकडं. पुढं थंडीत तुम्हाला वाटेल तिथं राहा.

बस पिरनवाडी, उद्यमबाग करत येते. आरपीडीला उतरा, मी उभी असेन. आई, पाटा-वरवंटा बांधून घेऊ नकोस, मी इथं घेतलाय. परसातली हळदीची पानं तेवढी आण. नागपंचमीला पातोळ्या करू.

तुमची,
धाकटी