तबकडीच्या फोनवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

कोल्हापूर

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

टेलिफोन खात्यातून तुम्ही निवृत्त झालात, तुमच्या पिशवीतला मल्टिमीटर मात्र अजून कामावर आहे. जुने फोन घरात नुसते मांडून न ठेवता वापरणाऱ्या आम्हा मंडळींना त्याचा फार उपयोग झाला, म्हणून हे पत्र. नाव कुठे घालायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. शिकवलंत ते मात्र आकड्यांसकट लिहितो. कुणाच्या माळ्यावर काळा फोन पडून असेल तर त्याला उपयोग होईल, आणि आमचं काही चुकलं असेल तर तुम्हाला कान धरता येईल.

पहिले आभार, स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी मीटर हातात घ्यायला लावलंत याचे. फोन लाइनवरून काढायचा, रिसीव्हर जागेवर ठेवायचा आणि लाइनच्या दोन टोकांना मीटर ओहमवर लावायचा. काटा क्षणभर उसळून परत अनंतावर गेला, तर घंटा आणि कंडेन्सर दोन्ही शाबूत. हललाच नाही, तर घंटेची कॉइल किंवा कंडेन्सर यांपैकी एक तुटलेलं. मधेच रेंगाळला, तर कंडेन्सर गळतोय. मग रिसीव्हर उचलायचा. आता शे-दोनशे ओहमच्या आसपास काहीतरी दिसायला हवं आणि बोलायच्या बाजूला फुंकर मारली की आकडा नाचायला हवा. शेवटी तबकडी फिरवून सोडायची. पाच फिरवला तर काट्याने पाच हिसके दिले पाहिजेत. तीन मिनिटांचं काम आहे. हे न करता आधी खालची पत्री उघडून चार तारा सोडवल्या की मूळ दोष कुठला आणि आपण केलेला कुठला, हे कळायला मार्ग राहत नाही.

कंडेन्सरचं थोडक्यात. घंटेच्या दोन कॉइल, प्रत्येकी 500 ओहम, म्हणजे मिळून 1000 ओहम. त्यांच्याशी मालिकेत 2 मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर. घंटेचा एसी प्रवाह त्यातून जातो, लाइनचा डीसी अडतो. कागद ओल धरतो आणि डीसी झिरपू लागला की एक्स्चेंजला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे. बाहेरून फोन करणाऱ्याला 'व्यस्त' ऐकू येतं आणि घरचे लाइनमनच्या नावाने खडे फोडतात. पॉलिस्टर फिल्मचा, 250 व्होल्टचा नवा कंडेन्सर घालायचा. बाजारात 1.8 किंवा 2.2 मायक्रोफॅरड मिळतो, दोन्ही चालतात. इलेक्ट्रोलिटिक मात्र कधीच नाही, त्याला प्लस-मायनस असतं आणि घंटेचा प्रवाह दोन्हीकडून वाहतो. जुना डबा फेकायचा नाही. त्याच्या तारा सोडवून तो तसाच ठेवायचा आणि नवा त्याच्या आडोशाला बसवायचा, ही तुमची युक्ती आम्हाला फार आवडली.

तबकडीबद्दल हात सैल सोडून लिहितो, कारण सगळ्यात जास्त फोन तिथेच बिघडतात आणि निम्मे दुरुस्त करणाऱ्याच्याच हातून बिघडतात. ठोका म्हणजे लाइन क्षणभर तुटून परत जोडली जाणं; जेवढा आकडा तेवढे ठोके, शून्याचे दहा. चालीचं माप सेकंदाला 10 ठोके. प्रत्येक ठोक्यात सर्किट अंदाजे 67 मिलिसेकंद तुटलेलं आणि 33 मिलिसेकंद जोडलेलं, म्हणजे दोनास एक. शून्य फिरवून सोडलं की तबकडी एक ते सव्वा सेकंदात घरी आली पाहिजे. कानाने हे कळतं असं तुम्ही म्हणता, ते तुमच्या कानाला. आम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पडद्यावरच्या रेषेत दहा टोकं मोजतो. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत सेकंदाला थोडं कमी भरलं की झालं.

चाल सांभाळतो तो गव्हर्नर. दोन छोटी वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि वाटीच्या आतल्या कडेला घासून वेग आवरतात. इथेच घोळ होतो. तबकडी जड झाली की लोक गंज सुटायचा फवारा मारतात, नाहीतर घरातलं खोबरेल. फवाऱ्याने वाटी तेलकट होते, घर्षण जातं आणि तबकडी सुसाट पळते. ठोके इतके जवळ येतात की पलीकडे नंबर चुकीचा लागतो. खोबरेल थंडीत थिजतं आणि तबकडी रांगायला लागते. तुम्ही सांगितलेलं असं: जुनं चिकट तेल स्पिरिटने पुसून काढायचं, वाटी आणि वजनं पूर्ण कोरडी ठेवायची, घड्याळाचं पातळ तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त गव्हर्नरच्या दांड्याच्या दोन टोकांना आणि त्याच्या आट्यांना लावायचं. एक थेंबही जास्त होतो. तेवढ्याने चाल जमली नाही तरच वजनांच्या पात्या केसभर वाकवायच्या. मधल्या मोठ्या स्प्रिंगला हात लावायचाच असेल तर सुटताना किती वेढे उलगडले ते मोजून कागदावर लिहायचं, नाहीतर परत बसवताना अंदाजपंचे.

ठोके देणाऱ्या पात्यांना पॉलिश पेपर लावू नये, हेही तुमचंच. संपर्काच्या टिकल्यांवरचा चांगला धातू पातळ असतो, घासला की खालचा उघडा पडतो आणि मग दर पावसाळ्यात हिरवा थर चढतो. जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून पात्यांमध्ये धरायची, हलकं दाबून ओढायची, पट्टी काळी यायची थांबेपर्यंत. नंबर फिरवताना कानात टकटक ऐकू येत असेल तर दोष ठोक्यांच्या पात्यांत नसून शेजारच्या जोडीत आहे. तबकडी जागेवरून हलली की ही जोडी रिसीव्हरची ऐकायची बाजू शॉर्ट करते, म्हणून नीट असेल तर काही ऐकू येत नाही. हीच जोडी चिकटून बसली तर उलटं होतं: फोन लागतो, ऐकू मात्र काहीच येत नाही.

जाता जाता: आपला कोल्हापूरचा एसटीडी कोड 0231 म्हणजे 10, 2, 3, 1 मिळून 16 ठोके, निव्वळ 1.6 सेकंद, बोटाचा वेळ वेगळा. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं, म्हणजे तबकडीवाल्यांच्या वाट्याला सगळ्यात लांबचा आकडा दर वेळी पहिलाच. पण ज्याला या फोनचा नाद खुळा आहे तो त्याला कटकट म्हणत नाही.

घंटेसाठी तुम्ही दिलेलं माप पोस्टकार्डाच्या जाडीचं. टोला हाताने एका बाजूला पूर्ण ढकलून धरला की तो वाटीला टेकता कामा नये, फट पोस्टकार्डाएवढी राहावी. टेकला तर आवाज बसका येतो, फट जास्त असेल तर टोला पोचतच नाही. ब्रिटिश नमुन्याच्या घंटेत वाटीचं भोक मधोमध नसून जरा बाजूला असतं, ते चुकीने पडलेलं नाही. स्क्रू सैल करून वाटी गोल फिरवली की फट कमी-जास्त होते. दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून नंबर फिरवताना इकडची घंटा टिणटिण करत असेल तर टोल्याची छोटी स्प्रिंग सैल आहे, नाहीतर घंटेच्या दोन तारा उलट लागल्यात. आणि एकाच लाइनवर दोन-तीन फोन असतील तर घंटा समांतर न ठेवता मालिकेत आणि सगळ्यांत मिळून एकच कंडेन्सर.

आत बोट घालताना लाइन काढलेली असावी, हे तुम्ही दर वेळी का सांगायचात ते ज्याने ओल्या हाताने घंटेची तार धरली त्याला वेगळं सांगावं लागत नाही. शांत लाइनवरचे 48 व्होल्ट डीसी सहसा जाणवत नाहीत. घंटा वाजताना 75 व्होल्ट एसी असतात. वळवाच्या पावसात तर विजा सुरू व्हायच्या आधीच प्लग काढलेला बरा.

आता पुराचं, ज्यासाठी तुमचे आभार खरं तर सगळ्यांत आधी मानायला हवे होते. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, फोनही बुडाले. तुमचा क्रम असा होता. सगळ्यांत आधी लाइन तोडायची. ओल्या तांब्यावर डीसी चालू राहिला की धनाच्या बाजूचं तांबं हिरवं होऊन विरघळतं आणि घंटेच्या कॉइलची केसासारखी तार आतल्या आत तुटते. (एक्स्चेंजमध्ये बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडून लाइन ऋण 48 वर ठेवतात, तेही लाइनचं तांबं असं झिजू नये म्हणून. हे तुमच्याकडूनच कळलं.) मग गाळ वाळायच्या आत साध्या स्वच्छ पाण्याने धुवायचं. वाळलेला गाळ गव्हर्नरमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करतो. शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. त्यानंतर सावलीत, पंख्याखाली, निदान आठवडाभर; उन्हात नाही, शेगडीजवळ तर नाहीच. कागदी कंडेन्सर सरळ काढून टाकायचा. कॉइल हजार ओहम दाखवत नसेल तर लगेच टाकून द्यायची नाही, आधी बाहेर येणारं टोक बघायचं, कारण तार कित्येकदा तिथेच तुटलेली असते आणि एका सोल्डरने काम भागतं.

बोलण्याच्या डबीत कोळशाचे कण असतात. ओलीने किंवा वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहून ते घट्ट बसतात आणि पलीकडच्याला आपण विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतो. डबी काढून तळहातावर आठ-दहा वेळा हलकी आपटायची, बरेचदा एवढ्यानेच सुटतात. तपासायला 9 व्होल्टची बॅटरी आणि दोन फोन, तिन्ही एकामागोमाग जोडायचे. बोलणं दोन्हीकडे ऐकू आलं की डब्या ठीक. घंटा अर्थातच वाजणार नाही. मुलांना माळा ते स्वयंपाकघर बोलायला हे एवढं पुरतं. रिसीव्हरच्या दोरीच्या आत सुतावर गुंडाळलेली तांब्याची चपटी पट्टी असते, तिला सोल्डर धरत नाही. टोकाला चिमटा दाबूनच बसवावा लागतो.

फायबर आल्यावर तबकडी संपली असं वाटलं होतं. घरातल्या फायबरच्या डब्यावर फोनचं भोक असतं, घंटाही कधीकधी वाजते, पण बऱ्याच डब्यांना ठोके कळत नाहीत, बटणांचा टोनच लागतो. त्यावर तुम्ही दोन वाटा दाखवल्यात. एक, मधे ठोक्यांचा टोन करणारं छोटं सर्किट. दुसरी, इंटरनेट टेलिफोनीचं खातं असेल तर ठोके ओळखणारा अडॅप्टर. ग्रँडस्ट्रीम कंपनीचा एचटी 801 त्यातला. त्यात पल्स डायलिंग चालू करायचं, घंटेची वारंवारता 20 हर्ट्झवर असेल तर 25 करायची, आणि दोन आकड्यांमधली वाट बघण्याची मुदत 4 सेकंदांवरून 7-8 वर न्यायची, नाहीतर पुढचा आकडा शोधेपर्यंत तो अर्धाच नंबर लावून मोकळा होतो. बँकेचं 'मराठीसाठी एक दाबा' मात्र ठोक्यांनी जमत नाही. त्याला टोन करणारं सर्किटच हवं, नाहीतर सरळ मोबाइल.

स्क्रूंबद्दल उद्यमनगरातल्या लेथवाल्यांचेही आभार तुमच्याच खात्यात जमा. ब्रिटिश नमुन्याच्या फोनात बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाच्या आट्यांचे स्क्रू असतात. 6 बीए म्हणजे 2.8 मिलिमीटर, आपला एम 3 जवळपास तेवढाच दिसतो म्हणून लोक दाबून बसवतात आणि बेकेलाइटमधली (जुन्या फोनच्या कडक प्लास्टिकमधली) पितळी नळी फिरून निघते. ती परत बसवण्यापेक्षा एक स्क्रू कातून घेणं स्वस्त. बेकेलाइटला वाळूचा कागद लावू नये हेही तसंच: वरची चकचकीत साय गेली की खालचा लाकडाचा भुसा उघडा पडतो, मग कितीही पॉलिश करा, फोन मळकटच.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी पटत नाही. ते पितळी-लाकडी 'अँटिक' फोन, ज्यांच्या तबकडीच्या भोकांत बटणं लपवलेली असतात, ते तुम्ही 'लोकांना आवडतात तर असू देत' म्हणून सोडून देता. आम्ही नाही देत. विकत घेताना तबकडी फिरवून बघावी. परत येताना गव्हर्नरची घरघर नसेल तर तो दिवाणखान्यातला शोपीस आहे, पैसे शोपीसचेच द्यावेत.

पात्यांच्या फटी मोजायचं तुमचं गेज अजून आमच्याकडेच आहे, आणि त्याची सर्वांत पातळ पाती आमच्याच हातून जरा वाकली आहे. रविवारी आणून देतो. निघण्याआधी तुमच्या काळ्या फोनवर रिंग देऊ. उचलायची घाई करू नका, घंटा जरा वाजू द्या.

आपले,
कोल्हापुरातले जुने फोनवाले